देवबागच्या वाळूवर बर्फातलं घर

ज्या जागेसाठी मी घर आखत होते ती जागा मी पाहिलेली नाही, आणि बहुधा कधी पाहणारही नाही. मी सोलापूरची. आमच्याकडे बर्फ म्हणजे भुश्यात गुंडाळलेली लादी, लग्नाच्या मांडवामागे पाणी गाळत पडलेली. आणि पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात माझ्या टेबलावर काम आलं होतं ते अंटार्क्टिकावरच्या एका नव्या संशोधन केंद्राच्या आतल्या खोल्यांचं.

वर्षभर मी त्या खंडावरच्या घरांबद्दल वाचत होते. शंभरेक वर्षांपूर्वी गेलेल्यांनी लाकडी खोपटी उभारली, सीलच्या चरबीवर चूल पेटवली आणि काजळीने काळेठिक्कर होऊन हिवाळा काढला. पुढे माणसं मुक्कामालाच जाऊ लागली. कुणी घुमट बांधला, त्याला बर्फाने हळूहळू पोटात घेतलं. मग कुणी घराला उंच पाय दिले, म्हणजे वारा आणि बर्फ खालून निघून जावेत. कुणी पायांना स्की लावल्या, वेळ आली तर घरच ओढून न्यावं म्हणून. आपल्या देशाचंही तसंच झालं. पहिलं केंद्र बर्फावर बांधलं, ते गाडलं गेलं. दुसरं खडकावर, खांबांवर. तिसरं मालवाहू कंटेनर जोडून, वर कवच चढवून. आता पुढचं.

हे सगळं मला पाठ होतं. पण त्या घरात सकाळी उठलेला माणूस आधी कुठे जातो, ते माहीत नव्हतं. आराखडा कायम करायला पंधरा दिवस उरले होते. तिथे राहून आलेल्या माणसांची यादी चाळताना तीन पत्ते एकाच जिल्ह्यातले निघाले. मी रजा टाकली, नकाशांची गुंडाळी प्लास्टिकच्या नळीत घातली, आईने दिलेली शेंगाचटणी घेतली आणि सिंधुदुर्गाच्या बसमध्ये बसले.

वेंगुर्ले

जानेवारीची सकाळ होती. हवेत गारवा होता, पण माझ्या अंगाला तो ओलसर, कुणीतरी नुकतीच आंघोळ करून शेजारी बसल्यासारखा लागत होता. सोलापूरची थंडी कोरडी, ओठ फोडणारी. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "ते स्टेशन बांधणारे मेस्त्री आहेत ना, त्यांच्याकडे जायचंय."

"स्टेशन? हंय खंयचा इला स्टेशन? स्टेशन कुडाळाक नायतर सावंतवाडीक." त्याने रिक्षा बंदच केली. मग एकदम कपाळावर हात मारला. "अगो, ता बर्फातला! दाजी मेस्त्री! तसा सांग मगे!"

दाजी मेस्त्रींचं घर चढावर होतं, काजूच्या झाडांमध्ये. ते सैन्यात सुतारकाम करत. पहिलं केंद्र बांधायला गेलेल्या तुकडीत होते. आता सत्तरी ओलांडली आहे, पण पाठ ताठ. त्यांच्या पत्नीने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढे ठेवलं. मी शेंगाचटणीची पिशवी दिली. दाजींनी चिमूट जिभेवर ठेवली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ह्याच्यात खोबरा नाय?"

"नाही."

"मगे तुमी खाताव कसा?" ते खरोखरच काळजीने विचारत होते.

मग बांधकामाचं निघालं. ते डोळे मिटून बोलत. "उन्हाळ्यात बांधला. सूर्य मावळाच नाय, म्हणान आमी पण थांबाचंव नाय. खिळो थंडीत काचेसारखो मोडता. हातमोजे काडल्याशिवाय खिळो धरूक येना, आणि काडल्यार हात ऱ्हवना. एकान खिळो धरूचो, दुसऱ्यान ठोकूचो, तिसऱ्यान धरणाऱ्याचे हात चोळूचे. एका खिळ्याक तीन माणसा."

"आणि बर्फ?"

"बर्फाक घाई नसता गो. तो रोज थोडो थोडो येता. पयल्या वर्साक आमी दारातसून आत जायत होतंव. मागसून गेले ते शिडी लावन वरसून उतराक लागले. घर होता थंयच होता. जमीनच वर चढली."

काही वर्षांनी ते पुन्हा गेले, तेव्हा उपयोगाचं सामान वर काढायचं काम होतं. बर्फात खणलेल्या विहिरीतून खाली उतरायचं. खाली वारा नाही, आवाज नाही. विजेरीच्या उजेडात त्यांना स्वतःच्या हातांनी बसवलेले सांधे दिसले, जसेच्या तसे, लाकूड अजून नव्यासारखं. त्यांनी शेवटचं दार ओढून घेतलं.

"जोरान नाय," दाजी म्हणाले. "हळू ओढलंय. आत कोण नव्हता, पण जोरान ओढूक मन होयना." मग खिडकीतून खाली, वेंगुर्ल्याच्या बंदराकडे पाहत राहिले. "तो बर्फ पण सरकता. सगळो दर्याकडे चल्ला हा. माजा दार घेवन."

"कधी पोचेल?"

"तेका खंय घाई!"

मी नकाशा उलगडला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबले. "ह्या दार खंय उघडता?"

"बाहेर."

"आणि बर्फ खंय आसतलो?"

मी कागदावर वाकून पाहिलं. मुख्य दारं मी बरोबर काढली होती, हे एक सामानाच्या खोलीचं निसटलं होतं. बाहेर बर्फ साचला की ते दार कुणालाही आतून उघडता आलं नसतं. वर्षभर तो कागद ऑफिसात चार माणसांनी तपासला होता. दाजी हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल मागितली, आणि दाराची कमान खोडून उलट्या बाजूला, एका झटक्यात, अगदी देखणी काढली.

देवबाग

वेंगुर्ल्याहून उत्तरेला येऊन मी खाडीच्या काठी उतरले. समोर देवबाग. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची एक बारीक पट्टी. लांबून ती जमिनीसारखी दिसतच नाही. पाण्यावर कुणीतरी हिरवी रेघ ओढून ठेवल्यासारखी दिसते. होडीने पलीकडे जाताना पाणी इतकं शांत होतं की मला डुलकी लागली, आणि होडी काठाला लागताना बसलेल्या धक्क्याने माझी नकाशांची नळी पाण्यात गेली. लॅपटॉपची पिशवीही तळाशी साचलेल्या पाण्यात चांगलीच भिजली. नावाड्याने वल्ह्याने नळी ओढून दिली, पण तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.

सूर्यकांत कुबल यांच्या घरी मी अशी पोचले: हातात गळकी नळी, डोळ्यांत पाणी. ते साठीचे, रुंद खांद्यांचे. बरीच वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होते, आणि दुसऱ्या केंद्रावर एक पूर्ण हिवाळा त्यांनी पंचवीस माणसांना जेवू घातलं होतं. आता ते आणि त्यांच्या पत्नी, काकी, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांनी नळी उपडी केली, कागद सोडवले आणि सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी दोरीवर चिमटे लावून टांगले.

"रडाक काय झाला? पाणीच ता. जेव पयला."

बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मी भाकरीवर वाढलेली. भात म्हणजे जेवणाचा शेवट. इथे तोच आरंभ आणि तोच मध्य. जेवता जेवता काका समुद्राकडे बोट करून म्हणाले, "थंय माज्या बापाशीचो माड होतो. त्या लाटो फुटतत ना, थंय." मी पाहिलं. तिथे नुसतं पाणी होतं. "दर्यो खाता. आमी मागे सरतंव. आमका बर्फाची मोठी नवलाई वाटाक नाय, बाय. पायाखालची जमीन आपली नसता, ह्या आमका आधीच ठावक होता."

दुपारभर ते तिथलं सांगत राहिले आणि मी माडाच्या सावलीत पडून ऐकत राहिले. तळ्याकाठी खांबांवर उभं असलेलं केंद्र. हिवाळ्यात सूर्य जातो आणि दोन महिने येतच नाही. आकाशात हिरवे पडदे हलतात, आवाज न करता. वादळ असलं की एका इमारतीतून दुसरीकडे जायला दोर बांधलेला असतो, तो हातातून सोडायचा नाही. पण काकांना सगळ्यात जास्त आठवत होतं ते वासाचं.

"थंय कसलोच वास नाय. माती नाय, झाड नाय, कुजणारा काय नाय. नाक मराक लागता. म्हणान मी कांदो फोडणीक घातलंय की सगळे येत. काम नसलेले पण येत. नुसते उभे ऱ्हवत." परतताना जहाज किनाऱ्याजवळ आलं तेव्हा ओल्या मातीचा वास आधी आला, जमीन नंतर दिसली.

उन्हं कलल्यावर ते उठून दोरीवरच्या नकाशांपुढे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, वर्तमानपत्र वाचावं तसे.

"चुलीकडची खोली खंय?"

मी दाखवली. अगदी टोकाला, कोठाराच्या शेजारी. धूर तिथून सरळ बाहेर जातो, आग लागली तर बाकीचं घर वाचतं, वास खोल्यांपर्यंत पोचत नाही. मी कारणं पाठ म्हटल्यासारखी सांगितली.

"सगळा खरा," काका म्हणाले. "पण कडेक बसान माका कोण दिसतलो?"

"तुम्हाला कुणी दिसायला कशाला हवं?"

त्यांनी दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावला. मग म्हणाले, "मदी घे ता. माजा ऐक."

"का, ते सांगा ना. मला ऑफिसात कारण द्यावं लागेल."

"जामसंड्याक रफीक होडेकर आसा. त्याच हिवाळ्यात माज्याबरोबर होतो, वायरमन. तुज्या यादीत आसतलो. तेका विचार. तेका सांगूचा वाटला तर तो सांगात. माजा नाय ता सांगूचा."

"तुम्ही भेटता का एकमेकांना?"

"नाय. तो येना, मी जायना." त्यांनी सुकलेला कागद दोरीवरून उतरवला आणि घडी न घालता माझ्या हातात दिला. "पंधरा-सोळा वर्सा झाली."

जामसंडे

देवगडच्या अलीकडे जामसंडे. आंब्याला मोहोर आला होता. त्या वासाची मला कल्पना नव्हती. तो गोड नाही, किंचित तुरट आहे, आणि सगळीकडून येतो. रस्त्यावरून चालताना वाटत होतं, आपण हवेतून नाही, दुसऱ्याच कशातून तरी चालतोय.

रफीकभाईंचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी. पंचेचाळिशीचे, किडकिडीत, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. माझं काम ऐकल्यावर त्यांनी कचेरीत बोलावं तसं शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "फार वर्षं झाली. मला विशेष काही आठवत नाही." त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं शेवटच्या पेराशी संपत होती. मी पाहिलं आणि लगेच नजर काढली. तेही त्यांनी पाहिलं.

मी उठणार इतक्यात त्यांच्या पत्नी, रेहानाभाभी, पडद्यामागून बाहेर आल्या. "उन्हातून आलात, जेवल्याशिवाय कशा जाल?" तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकं मटण. भाकरी पातळ, पांढरीशुभ्र. आमची ज्वारीची हिच्यापुढे शेतावरून थेट आलेली थोरली बहीण वाटली असती. जेवताना मी होडीची फजिती सांगितली. लॅपटॉपचा चार्जरही भिजून बंद पडला होता.

"द्या इकडे," रफीकभाई म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांनी चार्जर उघडला. हातांना काम लागल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. तुटक्या बोटांनी ते तार इतक्या अलगद धरत होते की मी बघत राहिले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सूर्यकांतनी काय काय सांगितलं माझ्याबद्दल?"

"काहीच नाही. म्हणाले, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर तुम्ही सांगाल. त्यांचं नाही ते सांगायचं."

त्यांनी डाग द्यायची सळई खाली ठेवली. "काहीच नाही?"

"काहीच नाही. मी दोनदा विचारलं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. रेहानाभाभी पडद्याशी येऊन उभ्या होत्या. रफीकभाईंनी सळई पुन्हा उचलली आणि बोलू लागले.

त्या हिवाळ्यात, अंधार पडल्यानंतर, त्यांचे वडील वारले. भावाचा फोन आला. परतायला वाट नव्हती; उजेड येईपर्यंत तिथून कुणीच निघू शकत नाही. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, रात्रपाळी होती ती केली. पुढचे काही दिवसही पाळी चुकवली नाही. फक्त जेवायला गेले नाहीत. पाळ्या वेगळ्या, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या, जेवणघर एका टोकाला. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"मला अब्बांना एकदा मोठ्याने हाक मारायची होती," ते म्हणाले. "बस, एवढंच. पण भिंती पातळ. शेजारचा कूस बदलतो ते ऐकू येतं. म्हणून बाहेरच्या झोपडीत गेलो. उन्हाळ्यात जास्तीची माणसं येतात, त्यांच्यासाठी असते ती. हिवाळ्यात रिकामी, गरम करत नाहीत. वारा सुटला होता. दोर धरून गेलो. हाक मारली. खूप वेळ मारली. मग बसलो." त्यांनी तार जागेवर बसवली. "ताई, मला मरायचं नव्हतं. फक्त उठायचं नव्हतं."

स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या स्टीलच्या ताटावर नाव कोरलेलं होतं. सूर्यकांतनी पाहिलं की एक ताट रोज न वापरता सुकंच राहतंय. ते खोलीत गेले, जनरेटरपाशी गेले, मग दोर धरून वादळात बाहेर पडले. झोपडीचं दार उघडून विजेरी लावली. रफीकभाईंच्या हातात मोजा नव्हता. तो कधी काढला, हे त्यांना आजही आठवत नाही.

"काय म्हणाले ते?"

"काही विचारलं नाही. म्हणाले, 'चल रे, कांदो चिरूचो आसा.'"

डॉक्टरांना आणि बाकी सगळ्यांना सूर्यकांतनी सांगितलं, तार तपासायला गेला होता, हातमोजा निसटला. त्यानंतर महिनाभर रफीकभाई मोकळ्या वेळी स्वयंपाकघरात बसत. डाव्या हाताला पट्टी, म्हणून कांदा सूर्यकांत धरायचे आणि हे चिरायचे. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. येणारे जाणारे बघायचे, पण कांदा चिरणाऱ्याला कुणी का रडतोस म्हणून विचारत नाही.

"मला तर तुम्ही तारेचंच सांगितलंत," रेहानाभाभी पडद्याशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "सोळा वर्षं."

रफीकभाईंनी चार्जर बंद करून स्क्रू बसवले, प्लग लावला. लहानसा हिरवा दिवा लागला. "मला वाटायचं त्याने गावभर सांगितलं असेल," ते म्हणाले. "देवबागचं कुणी दुकानात आलं की मी आत जायचो. वाटायचं, ह्याला माहीत असणार."

भाभी माझ्याकडे वळल्या. "ताई, परत कशा जाणार? बसने नका जाऊ. उद्या आम्ही सोडतो तुम्हाला देवबागला."

रफीकभाई काहीतरी बोलणार होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि चार्जर गुंडाळून माझ्या हातात दिला.

पुन्हा देवबाग

आम्ही त्यांच्या व्हॅनमधून गेलो. चालवायला रफीकभाईच होते. मालवण ओलांडून तारकर्लीच्या पुढे रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे पाणी माडांमधून चमकू लागलं तसा त्यांचा वेग कमी कमी होत गेला, शेवटी सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

सूर्यकाका अंगणात जाळं शिवत बसले होते. गाडीतून मी उतरले, भाभी उतरल्या. मग रफीकभाई. काकांनी सुई जाळ्यात खोचली आणि उभे राहिले. दोघे चार हातांवर उभे, आणि कुणालाच पुढे येता येईना.

रफीकभाईंचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं. "तू कोणाक सांगलंस नाय," ते म्हणाले.

"काय सांगूचा होता?"

"माका वाटला सगळ्यांका सांगलंस. म्हणान मी येय नाय होतंय."

काका त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, हाताकडे पाहत होते. "मी येय नाय होतंय ता वेगळ्या कारणान," ते म्हणाले, आणि खाली बसले, एकदम थकल्यासारखे. "पयल्याच दिवशी तुजा ताट सुका दिसला होता माका. दुसऱ्या दिवशी पण दिसला. माका वाटला, रोजो धरलो आसतलंस. आपण कित्या विचारा, म्हणान गप ऱ्हवलंय. तिसऱ्या दिवशी पण गप. तेवाच इलंय असतंय तर तुजी बोटा ऱ्हवली असती."

काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

रफीकभाई त्यांच्यासमोर मातीत बसले, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. "रोजोच होतो," ते म्हणाले.

"काय?"

"पयले तीन दिवस रोजोच होतो. अब्बांसाठी. थंय सूर्य खंय होतो उगवाक आणि मावळाक? जामसंड्याच्या घड्याळान धरलंय, जामसंड्याच्या घड्याळान सोडलंय. खोलीत, बिस्किट खावन. तुका बरोबर वाटला होता. चवथ्या दिवशी मी भायर गेलंय, आणि चवथ्याच दिवशी तू इलंस."

काकांनी आता मान वर केली. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. रेहानाभाभी नवऱ्याकडे बघत होत्या, मी भाभींकडे. ते खरं होतं, की त्या घटकेला सुचलेली माया होती, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. काकांनी डोळे पुसले, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि बायकोला म्हणाले, "अगो, बघतंस काय? पाव्हणे इलेत."

जेवून होईपर्यंत पाणी ओहोटीने पार मागे गेलं होतं. रफीकभाईंनी माझा नकाशा मांडीवर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कागदावर काही कळत नाही. चला, खऱ्या मापाने काढू."

आम्ही पाचही जण संगमाकडे गेलो. खाडी जिथे समुद्राला भेटते तिथे ओली, घट्ट वाळू उघडी पडली होती. मी टेपने माप सांगायची आणि रफीकभाई वल्ह्याच्या टोकाने रेघा ओढायचे. झोपायच्या खोल्या, जनरेटर, कोठार, लांब वाट. दारांच्या जागी भाभींनी शिंपले मांडले. खूप मोठं घर होतं ते. वर्षभर मी ते बोटाएवढं पाहिलं होतं, आणि आता त्याच्या आत उभी होते. छत नाही, भिंती नाहीत, माथ्यावर घारी फिरत होत्या आणि एका खोलीतून खेकडा तिरका चालत दुसऱ्या खोलीत गेला.

स्वयंपाकघर आम्ही मधोमध काढलं, भिंतीला लागून शिंपल्यांची चूल मांडली. काका त्यात जाऊन उभे राहिले, चुलीपुढे वाकले. रफीकभाई आपल्या खोलीतून निघून वाटेने जनरेटरकडे गेले.

"दिसलो काय?"

"नाय रे! चुलीकडे तोंड केलंय की पाठ वाटेक येता. मागे डोळे आसत काय माका?"

मी तिथेच थबकले. आमच्या सगळ्या आराखड्यांत चूल भिंतीला लावलेली होती. सगळ्या घरांत असते. मी शिंपले उचलले आणि चूल फिरवली, रांधणाऱ्याचं तोंड वाटेकडे येईल अशी. भिंतीत मोठी मोकळी जागा सोडली. "पुन्हा चाला."

रफीकभाई पुन्हा चालले. काका काल्पनिक कढईत ढवळत होते. "आता दिसता. आता पण दिसता. थांब, हंय दिसना, हंय खांब येता." मी रेघ पुसली, सरकवली. चार वेळा ते चालले. शेवटी खोलीच्या दारापासून जनरेटरपर्यंत असं एकही पाऊल उरलं नाही जिथे काकांना ते दिसत नव्हते.

"अजून एक खोली हवी," रफीकभाई म्हणाले. धाप लागली होती त्यांना. "लहान. कोठाराच्या पलीकडे, सामानाच्या दोन भिंतींमध्ये. आवाज बाहेर येणार नाही अशी."

"पण आत कोण गेलो आणि भायर इलो की नाय, ता माका दिसाक व्हया," काका म्हणाले.

"दिसू दे. ऐकू येता कामा नये."

त्यांनी स्वतःच ती काढली. एक माणूस पाय पसरून बसेल एवढी. आत बसून पाहिलं. आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो, उगाचच दुसरीकडे पाहत. संध्याकाळचं ऊन खाडीवर आडवं पडलं होतं. भरती लागून पाणी पहिल्यांदा कोठाराच्या रेघेपर्यंत आलं तेव्हा ते उठले. मी घाईघाईने मापं वहीत उतरवून घेतली.

पुण्यात या मापांवरून बरीच ओढाताण झाली. आगीची काळजी वाहणाऱ्यांनी मधल्या स्वयंपाकघराला दोन जादा दारं लावायला लावली. मोकळी जागा वीतभर कमी झाली, पण मी काकांना फोनवर विचारून घेतलं, वीतभर चालेल म्हणाले. चूल फिरलेलीच राहिली. लहान खोलीचं मात्र काय करावं कळेना, कारण खोल्यांच्या मंजूर यादीत तशी काही खोली नसते. शेवटी मी तिच्यावर "साठवण" असं लिहिलं आणि कागद आमच्या ऑफिसच्या साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "साठवण म्हणतेस, आणि हिच्यात एकही फळी नाही."

"नाही."

"मग साठवायचं काय?"

मी त्यांना जामसंड्याचं सगळं सांगितलं. रफीकभाईंनी परवानगी दिली होती, नावासकट. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग पेन्सिल घेऊन खोलीत भिंतीला टेकून एक लहान बाक काढला, आणि खाली सही केली.